लॅमिनेटखालचा जोड

कामावर त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. समोर ‘वायरमन’ आणि पाठीमागं ‘ओळंबा’. ओळंबा म्हणजे गवंड्याच्या दोरीला लोंबणारं ते वजन. भिंत केसभर कलली की लगेच चुगली करणारं. हा माणूस तसाच. उंच, वाळका, दुसऱ्याचं वाकडं काम दिसलं की घास न गिळणारा. वय चोपन्न, त्यातली तीस वर्षं गुडघ्यांवर काढलेली. जुन्या ट्यूबचे दोन तुकडे गुडघ्यांना बांधून तो रिकाम्या खोल्यांमधून रांगायचा, आणि उठताना त्याचे गुडघे असे कडकडायचे की शिडीवरचा रंगारी ओरडायचा, “अरे, कोण फळ्या मोडतंय खाली?”

त्याचं काम कुणाला दिसायचं नाही, आणि त्याचाच त्याला मोठा तोरा. लॅमिनेटची फरशी दिसते लाकडाची, असते दाबलेल्या भुशाची. वर लाकडाचा छापील मुखवटा. ती ठोकत नाहीत, चिकटवत नाहीत. फळीच्या कडेत फळीची कड अडकवत खोलीभर जायचं, खाली पातळ फोम अंथरायचा, भिंतीकडेनं करंगळीएवढी फट सोडायची आणि ती पट्टीनं झाकायची. एकदा बसली की मधलीच एक फळी उचलता येत नाही. भिंतीपासून एकेक ओळ उसवत यावं लागतं. म्हणून तिच्याखालून वीज न्यायची तर ती आधी न्यायची आणि जन्माची न्यायची.

तो उघड्या सिमेंटवर निळी दोरी ताणून रेघ पाडायचा. रेघेवर यंत्रानं झिरी मारायची, झिरीत पाइप, पाइपात वायर, वरून सिमेंटचा माल भरून हातानं सपाट. रेघ कायम भिंतीपासून एक वीत. वळायचं तर काटकोनात. कोपरा कापून तिरकी वायर टाकणाऱ्याला तो दारातूनच परत पाठवायचा.

“उद्या इथं दुसरा कुणी भोक पाडायला येईल,” तो म्हणायचा, “तो आंधळा आहे असं धरून काम कर. आणि जोड द्यायचा तर भिंतीतल्या डबीत. झाकण उघडलं की हात पोचला पाहिजे. फरशीखाली जोड ठेवणं म्हणजे तान्हं पोर विहिरीच्या काठावर झोपवून बाजारात जाणं.”

काम संपलं की तो एका पुठ्ठ्यावर त्या घराचा नकाशा काढायचा. कुठून वायर गेली, भिंतीपासून किती, कुठं वळली. खाली तारीख आणि सही. तो पुठ्ठा मेन बोर्डाच्या पत्र्याच्या दाराला आतून चिकटवायचा. मालकाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण पुठ्ठा बघून त्यालाही बरं वाटायचं.

फळ्या बसवायचं काम त्याच्या मेहुण्याचं. बायकोचा धाकटा भाऊ, दहा वर्षांनी लहान, गोल चेहऱ्याचा, तोंडाचा पट्टा सतत सुरू. त्याला या धंद्यात ह्यानंच आणलेलं. दोघं मिळून घरं घ्यायचे. एक खालचं करणार, दुसरा वरचं.

“दाजी, तुमची वायर मेली तरी वाकायची नाही,” मेहुणा म्हणायचा.

“आणि तुझी फळी मेलेली असून बोलते. पाय ठेवला की करकर.”

“बोलू द्या की. घरात कुणीतरी बोललं पाहिजे. ताईच्या घरात तर तुम्ही बोलत नाही.”

असं चालायचं. पण दाजींची जीभ कधी कधी चेष्टेवर थांबत नसे. एकदा एक जुनी फरशी उचलताना खाली टेप गुंडाळलेला जोड सापडला. कुणा दुसऱ्या वायरमनचा. ह्यानं तो कापून काढला आणि कामाच्या मुख्य दाराला खिळा मारून लटकवला, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकानं बघावा म्हणून. चार दिवस लटकत होता. तो वायरमन त्या भागात पुन्हा कामाला दिसला नाही. मेहुणा तेव्हा म्हणाला होता, “दाजी, चुकला असेल बिचारा. पोटावर कशाला मारायचं?”

“ही चूक नसते,” वायरमन म्हणाला. “ही नियत असते.”

आणि महिना उलटायच्या आत त्याच्याच हातून ते झालं.

चौथ्या मजल्यावरचं घर होतं, एका निवृत्त टायपिस्ट बाईंचं. एकट्या राहायच्या. बाहेरची खोली, मग बोळासारखा पॅसेज, टोकाला बेडरूम. बेडरूमच्या प्लगांची वायर पॅसेजमधून न्यायची होती. वायरमननं मापं घेऊन वायर कापली, पाइप गाडले, आणि मग कळलं की गवंड्यानं बेडरूमचं दार मालकिणीच्या सांगण्यावरून दोन हात पलीकडं सरकवलंय. वायर आखूड पडली. रीळ संपलेलं, दुकानाला त्या दिवशी सुट्टी. तिकडं मेहुणा फळ्या कापायचं यंत्र घेऊन बेडरूममध्ये खोळंबलेला. “दाजी, वीज द्या की. दिवस फुकट चाललाय माझा.”

वायरमननं तुकडा जोडला. दाराच्या अलीकडं दोन वितींवर, पाइप जिथं संपत होता तिथं. वायरी पिळल्या, टेप गुंडाळला, झिरी तशीच उघडी ठेवली आणि वर फोमचा तुकडा टाकला. एका दिवसाचा प्रश्न. उद्या दुकान उघडलं की अख्खी नवी वायर ओढायची. मेहुण्याला तो एवढंच म्हणाला, “आधी बेडरूम उरक.” जोडाचं बोलला नाही. दारावर लटकवलेला तो दुसऱ्याचा जोड अजून सगळ्यांच्या तोंडात होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो नव्या वायरीचं वेटोळं खांद्यावर टाकून चार जिने चढला. मेहुणा दारात, घामानं निथळत, चेहऱ्यावर शाळेत पहिला आल्यासारखा आनंद.

“बेडरूम कालच उरकली, म्हणून आज पहाटेच आलो, दाजी. पॅसेज झाला, पट्ट्यासुद्धा मारल्या. बघा, आरशासारखा. आता बोला, कुठं करकर आहे?”

पॅसेज खरोखर आरशासारखा झाला होता. अकरा ओळी. त्या उसवायच्या तर पट्ट्या तुटणार, फळ्यांच्या कडा जाणार, आणि का उसवायच्या ते सांगावं लागणार. वायरमन पाय उचलून आत आला नाही. उंबऱ्यावरच उभा राहिला. मग खांद्यावरचं वेटोळं उतरवून दाराआड ठेवलं.

“छान झालंय,” तो म्हणाला.

दाजींच्या तोंडून ‘छान’ ऐकून मेहुणा दोन दिवस हवेत होता.

संध्याकाळी वायरमननं पुठ्ठा काढला. पॅसेजची रेघ ओढली. बोर्डापासून बेडरूमपर्यंत, सरळ, अखंड. जोड असला की तो फुली मारायचा. पेन्सिल तिथं क्षणभर थांबली आणि पुढं गेली. खाली तारीख, सही.

आठ वर्षं गेली. सुरुवातीला तो त्या रस्त्यानं जाताना मान वर करून चौथ्या मजल्याच्या खिडक्या बघायचा. पुढं ते सुटलं. माणूस कशालाही सरावतो, आपल्याच खोटेपणाला तर सगळ्यात आधी.

मग थंडीच्या दिवसांत, भर दुपारी, त्या घराला आग लागली. म्हणावी तशी आगही नव्हती. पॅसेजमधल्या पाच-सहा फळ्या आणि खालचा फोम, एवढंच जळालं. पण तो फोम जळतो तेव्हा जाळ कमी आणि धूर फार. काळा, घशाला चिकटणारा. बाई बेडरूममध्ये दुपारच्या झोपेत होत्या. दार उघडून बाहेर यायचा रस्ता त्याच पॅसेजमधून. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा त्या बेडरूमच्या उंबऱ्यापाशी पडलेल्या सापडल्या. भाजल्याची खूण कुठंच नव्हती.

तिसऱ्या दिवशी तपासणी अधिकाऱ्यानं दोघांना घटनास्थळी बोलावलं. साहेब तरुण, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा, पण कामाचा चोख. मेन बोर्ड दाराजवळ, तिथपर्यंत आग पोचली नव्हती. पुठ्ठा धुरानं पिवळा पडलेला, तरी रेघा स्पष्ट.

“असं करून ठेवणारी माणसं आता राहिली नाहीत हो,” साहेब वायरमनला म्हणाले. “सही, तारीख, माप. आमच्या लोकांना दाखवणार आहे मी हे.”

वायरमननं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

साहेबांनी जळका भाग दाखवला. बेडरूमच्या दारात फरशीची पट्टी होती, तिच्यात दोन काळे पडलेले स्क्रू. “नकाशाप्रमाणं वायर अखंड आहे. म्हणजे नंतर तिला काहीतरी लागलंय. ही पट्टी नुसती चिकटवतात ना?”

“साहेब, ते स्क्रू माझे,” मेहुणा म्हणाला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. “पट्टी हलत होती, गोंद धरत नव्हता. मी मारले. दाजींना न विचारता मारले.” बोलता बोलता त्याचा गोल चेहरा पांढराफटक पडला. “माझाच स्क्रू लागला असणार.”

बाईंची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. लग्न होऊन दुसऱ्या गावी असायची. हातात आईचा चष्मा, त्याची काडी ती उघडत होती, मिटत होती. ती कुणाकडं न बघता म्हणाली, “महिनाभर आई इथंच खुर्ची टाकून बसायची. तिचे पाय कायम गार. फोनवर म्हणायची, पॅसेजमध्ये एका जागी फरशी कोमट लागते, पायांना बरं वाटतं. मी म्हटलं, बेडरूममधल्या हीटरची ऊब येत असेल.”

साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. वायरमनला मात्र कळलं. स्क्रू वायरीत घुसला असता तर बोर्डावरचं बटण त्याच दिवशी पडलं असतं. महिनाभर कोमट राहतो तो सैल झालेला जोड. वरच्या बटणाला त्याचा पत्ता लागत नाही. हीटर लावला की तो तापतो, बंद केला की निवतो, रोज थोडा आणखी सैल होतो. आणि बाई त्याच्यावर पाय शेकत बसल्या होत्या.

साहेबांनी प्लास्टिकच्या पिशवीतला तांब्याचा गोळा पुढं केला. “बघा, तुमच्या नजरेला काही दिसतंय का. वितळून एक झालंय सगळं.”

वायरमननं चष्मा लावला. गोळ्याच्या एका टोकाला अर्ध्या बोटाएवढा भाग वितळायचा राहिला होता. तिथं दोन वायरी एकमेकींत पिळलेल्या. पीळ उलटा. उजव्या हाताचा माणूस पक्कड उजवीकडं फिरवतो. वायरमन डावखुरा होता.

“हं,” तो म्हणाला आणि पिशवी परत दिली.

पुढचे वीस दिवस मेहुणा रोज दुपारी बहिणीच्या घरी यायचा. कामं त्यानं सोडली होती. दाढी वाढलेली, खुर्ची दिली तरी जमिनीवर बसायचा आणि तेच ते विचारायचा.

“दाजी, स्क्रू पाऊण इंची होता. पाइप किती खोल होता हो?”

पाइप दीड इंच खोल होता. इतक्या वर्षांत एकदाही त्याहून वर नव्हता. एवढं एक वाक्य बोललं असतं तर पाऊण इंची स्क्रूची गोष्ट तिथंच मिटली असती. पण मग प्रश्न उरला असता, स्क्रू नाही तर काय?

“आठवत नाही,” वायरमन म्हणाला.

बायको भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. “तुम्हाला आठवत नाही?”

“आठ वर्षं झाली.”

“आपल्या लग्नात मांडवाची वायर किती वार लागली ते सांगता तुम्ही अजून.”

तो उठून मोरीत गेला आणि कोरडे हात धूत राहिला. मागून तिचा आवाज आला, “साहेबांशी बोला तुम्ही. तुमचा शब्द मानतात ते. दोन पोरी आहेत त्याच्या पदरात. असा निष्काळजी नाही हो माझा भाऊ.”

“बघतो,” तो म्हणाला. वीस दिवस तो बघतच होता. जिभेवर आलेलं परत गिळायचं, आणि गिळलं की मनाला समजवायचं: अजून जबाब झालेला नाही, अजून काही बिघडलेलं नाही, कदाचित साहेब अपघात म्हणून सोडूनही देतील. जबाबाची तारीख आली, गुरुवार. बुधवारी दुपारी मेहुणा आला तो बसलाच नाही. भिंतीला धरून उभा राहिला.

“मी बाईंच्या मुलीकडं जाऊन आलो, दाजी. म्हटलं, पाय तरी धरावेत. वाटलं, थोबाडीत मारेल, शिव्या देईल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मला पाणी दिलं. मी तिची आई मारली आणि तिनं मला तांब्याभर पाणी दिलं. मी प्यायलो पण.”

बायको पदर तोंडाला लावून आत गेली. वायरमन तिथंच बसून राहिला. मेहुणा कधी गेला तेही त्याला कळलं नाही.

गुरुवारी साहेबांच्या टेबलावर जबाब तयार होता. साहेबांनी वाचून दाखवला. स्क्रू, पट्टी, कुणालाही न विचारता. मेहुण्यानं पेन उचललं.

“थांबा, साहेब,” वायरमन म्हणाला. “स्क्रूनं नाही झालेलं. तिथं जोड होता. माझा.”

साहेबांनी चष्मा वर सरकवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडी कीवच होती. “हे बघा, मेहुणा आहे, जीव तुटतो, कळतं मला. पण तुमचा नकाशा माझ्यापुढं आहे.”

“नकाशा खोटा आहे.”

“दाजी, नका हो,” मेहुण्यानं त्याचा दंड धरला. “माझ्यापायी स्वतःला कशाला गोवताय? तुम्ही आणि फरशीखाली जोड! साहेब, मनावर घेऊ नका ह्यांचं. सगळ्या कामांवर विचारा, ओळंबा म्हणतात ह्यांना.”

जन्मभर कमावलेली पत अशी आडवी आली. खरं सांगतोय तर कुणाला खरं वाटेना.

“साहेब, तो गोळा काढा,” वायरमन म्हणाला. “आणि दोन तुकडे वायर द्या. ह्यालाही द्या.”

शिपायानं कुठून तरी तुकडे आणले. वायरमननं दोन टोकं सोलली आणि न बघता पिळली. मेहुण्यानंही, काय चाललंय ते न कळून, पिळली. साहेबांनी तिन्ही पीळ शेजारी-शेजारी ठेवले, खणातून भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिले. मेहुण्याचा पीळ एकीकडं. गोळ्यातला आणि वायरमनचा दुसरीकडं.

मेहुण्याला भिंग लागलं नाही. तो आधी टेबलाकडं बघत होता, मग दाजींच्या डाव्या हाताकडं.

“मी रोज विचारत होतो,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा. “पाइप किती खोल होता म्हणून. रोज येऊन विचारत होतो.”

“दीड इंच.”

“वीस दिवस.”

त्यानं पेन टोपण लावून जागेवर ठेवलं आणि उठला. शिपायानं साहेबांकडं बघितलं, साहेबांनी जाऊ दे अशी खूण केली. जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली. दोन-तीन पायऱ्यांवर थांबत, मग पुन्हा उतरत.

साहेबांनी नवा कागद घेतला. अजूनही ते अहो-जाहोच करत होते, पण आवाजातला ओलावा गेला होता. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, “अशी अजून किती घरं?”

“एकही नाही. हा एकच.”

“कशावरून धरू मी?”

इतकी वर्षं वायरमन या प्रश्नाला एकच उत्तर देत आला होता: माझ्या सहीवरून.

“फरशीखाली वायर टाकली ती सगळी घरं लिहा,” साहेब म्हणाले. “सगळी उघडून बघावी लागतील.”

तो लिहायला बसला. स्मरणशक्ती ठणठणीत होती. मजला, दार, कुठली खोली, माणसं कोण. कुणाच्या घरी लग्नकार्य आटपून नुकतीच फरशी झालेली, कुणाकडं बाळंतीण. दुपार कलली, तो लिहीतच होता. एकोणचाळीस घरं झाली. चाळिसावं मेहुण्याचं. पोरींच्या खोलीत वायर त्यानंच टाकलेली, फळ्या मेहुण्यानंच बसवलेल्या. त्यानं तोही पत्ता लिहिला.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग उठून भावाकडं निघून गेली. रविवारी सकाळी परतली. स्वयंपाक केला, ताट त्याच्यापुढं ठेवलं, आणि समोर न बसता दाराच्या चौकटीत उभी राहिली.

“सरकारी माणसं यायच्या आधीच त्यानं स्वतः फरशी उचलली,” ती म्हणाली. “एकट्यानं. पोरींना माझ्याजवळ बसवलं होतं. सगळी झिरी खणून काढली.”

“मग?”

“अख्खी आहे वायर. कुठं जोड नाही.”

वायरमननं घास हातात धरला होता. “काही म्हणाला?”

“नाही.”

“फळ्या बसवल्या परत?”

“भिंतीला लावून ठेवल्यात. म्हणाला, राहू दे उघडंच, दिसलेलं बरं.” ती आत वळली. “पोरी सिमेंटवर सतरंजी टाकून झोपतात.”